वाढत्या वयाचा जमाखर्च



आपल्या शाळेच्या मैदानावर एक साधी पाहणी करा. मधल्या सुट्टीत पाचवीचे वर्ग सुटले की मुलगे आणि मुली सारख्याच उत्साहाने धावताना दिसतात. आता नववी-दहावीच्या वर्गांकडे पाहा. मुलगे अजूनही चेंडूमागे धावत असतात. मुली मात्र बहुतेक शाळांत पायऱ्यांवर किंवा भिंतीच्या सावलीला बसलेल्या आढळतात. सहावीत असताना खो-खोच्या मैदानावर जिला कोणी बाद करू शकत नव्हते, तीच मुलगी आता ‘मला दम लागतो’ म्हणून खेळाच्या तासाला कडेला उभी राहते. घरी म्हणतात, ‘आता मोठी झाली.’ वर्गात म्हणतात, ‘आळशी झाली.’

हे चित्र केवळ आपल्या गावचे नाही. १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या मुलामुलींची २०१६ सालापर्यंतची माहिती एकत्र करून शास्त्रज्ञांनी एक अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. या वयात रोज सरासरी एक तास तरी चांगला दम लागेल असा खेळ किंवा व्यायाम व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढा व्यायाम न होणारे मुलगे शंभरात सुमारे ७८ होते, आणि मुली सुमारे ८५.

मुलगी मैदान सोडते ती खरोखर आळसामुळे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण शरीराची जमाखर्चाची वही उघडून पाहू या. दुकानदार जसा रोजची आवक आणि जावक मांडतो, तशीच ती मांडायची आहे.

आईपेक्षा मुलीला अधिक अन्न लागते

मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास. त्या काळात वर्षाला सात-आठ सेंटिमीटर वाढ होते. मुलग्यांमध्ये हीच झेप सुमारे दोन वर्षे उशिरा येते. म्हणूनच सहावी-सातवीत कित्येक मुली वर्गातील मुलग्यांपेक्षा उंच दिसतात. उंचीबरोबर हाडे, स्नायू आणि रक्त यांचीही वाढ होत असते. या साऱ्या बांधकामाला माल लागतो आणि तो अन्नातूनच यायचा असतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांच्या आहाराचे नवे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यातले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला लागते २१३० किलोकॅलरी. बैठे काम करणाऱ्या स्त्रीला तर १६६० पुरते. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीला आईपेक्षा अधिक खावे लागते!

प्रत्यक्षात काय घडते? सकाळची शाळा असते. उठायला उशीर होतो. घोटभर चहा आणि दोन बिस्किटे खाऊन मुलगी घराबाहेर पडते. डब्यात एक पोळी असते, तीही कधी तशीच परत येते. दुपारी भूक लागली की वेफर्सचे पाकीट किंवा वडापाव. रात्री ती आईबरोबर सर्वांत शेवटी जेवायला बसते आणि पातेल्यात उरलेल्या भाजीत भागवते. काही मुली ‘जाड होईन’ या भीतीने भूक मारतात. कोणी आठवड्यातून एकदोन उपवास करते, आणि उपवासाला साबुदाणा खाल्ला जातो. साबुदाण्यात पिष्ट भरपूर असते, पण प्रथिने जवळजवळ नसतात आणि लोहही अगदी थोडे असते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचे जेवण मिळते ते आठवीपर्यंत. नववीत ते थांबते. गरज मात्र त्या वर्षी थांबत नाही.

लोहाचा हिशेब

आता वहीचे दुसरे पान उघडू. आपल्या रक्ताचा तांबडा रंग हिमोग्लोबिन या पदार्थामुळे येतो. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. फुप्फुसात आलेला ऑक्सिजन या लोहाला चिकटतो आणि रक्ताबरोबर शरीरभर पोचतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून तीन-चार ग्रॅमच लोह असते, म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याइतके. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश एकट्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते.

शरीर लोहाच्या बाबतीत फार काटकसरी आहे. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह काढून नव्या पेशीसाठी वापरले जाते. तरीही थोडी जावक होतेच. चौदा वर्षांच्या मुलीची रोजची जावक ढोबळपणे अशी मांडता येईल :

१) त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर : सुमारे पाऊण मिलिग्रॅम.
२) वाढत्या शरीराच्या नव्या रक्तासाठी व स्नायूंसाठी : सुमारे अर्धा मिलिग्रॅम.
३) मासिक पाळीतून : सुमारे अर्धा मिलिग्रॅम.

तिसरा आकडा कसा आला ते पाहा. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह गेले. याला २८ दिवसांनी भागा.

एकूण जावक झाली रोज पावणेदोन मिलिग्रॅम. तुम्ही म्हणाल, एवढे तर सहज मिळेल! येथेच खरी मेख आहे. धान्य, डाळी आणि भाज्या यांतील लोहापैकी शंभरातले जेमतेम पाच ते आठ भागच आतड्यातून रक्तात शिरतात. बाकीचे तसेच बाहेर पडते. आठ टक्के शोषण धरले, तरी पावणेदोन मिलिग्रॅम पदरात पडण्यासाठी सुमारे २२ मिलिग्रॅम लोह खावे लागेल. शिवाय सर्व मुलींची गरज सारखी नसते. कोणाला पाळीत रक्त अधिक जाते, कोणाची वाढ अधिक वेगाने होते. म्हणून वर सांगितलेल्या कोष्टकात १३ ते १५ वर्षांच्या मुलींसाठी रोज ३० मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. त्याच वयाच्या मुलग्यांसाठी ती २२ मिलिग्रॅम आहे.

आता खेळ आणि खाणे यांची गाठ कशी पडते ते पाहा. आपल्या नेहमीच्या जेवणात दर हजार किलोकॅलरीमागे साधारण आठ-नऊ मिलिग्रॅम लोह असते. दिवसाला १७०० किलोकॅलरी खाणाऱ्या मुलीला त्यातून चौदा-पंधरा मिलिग्रॅम लोह मिळेल. २४०० किलोकॅलरी खाणारीला वीस मिळेल. जी खेळते तिला भूक लागते, आणि जी पोटभर जेवते तिच्या ताटातून लोहही अधिक येते. जी खेळत नाही तिची भूक मंदावते. भूक मंदावली की लोहाची आवक घटते. लोह घटले की दम लागतो, आणि दम लागतो म्हणून ती खेळत नाही. हेच ते दुष्टचक्र.

दम का लागतो?

पाळी सुरू झालेल्या मुलीच्या दर १०० मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे. त्याहून कमी असेल तर त्या स्थितीला रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या भारतीय मुलींपैकी शंभरात ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१ होते.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. बारा ग्रॅम असेल तर १०० मिलिलिटर रक्त १६ मिलिलिटर ऑक्सिजन नेईल. नऊच ग्रॅम असेल तर १२ मिलिलिटर. स्नायूंना तर पूर्वीइतकाच ऑक्सिजन हवा असतो. मग हृदयाला तीन फेऱ्यांचे काम चार फेऱ्यांत करावे लागते. पाटीच लहान झाली तर मजुराला खेपा जास्त माराव्या लागतात, तसेच हे. म्हणून दोन जिने चढताच छाती धडधडते, डोके दुखते, वाचलेले ध्यानात राहत नाही.

लोह केवळ रक्तातच असते असेही नाही. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही ते लागते. त्यामुळे हिमोग्लोबिन बाराच्या वर असूनही शरीरातील साठा संपत आला असेल, तर थकवा येऊ शकतो. अशा मुलीला आळशी म्हणणे म्हणजे तेल संपलेल्या दिव्याला दोष देण्यासारखे आहे.

करून पाहा : चहा आणि लोह

एका बाटलीत थोडे व्हिनेगर घ्या. त्यात चारपाच लोखंडी खिळे टाका. झाकण घट्ट न लावता दोनतीन दिवस ठेवा. व्हिनेगरमध्ये थोडे लोह उतरेल. आता दूध-साखर न घालता चहा उकळून गाळून घ्या आणि तो पेल्यात थंड होऊ द्या. त्यात लोहाच्या द्रावणाचे काही थेंब टाका. लालसर चहा पाहता पाहता शाईसारखा काळा होईल. चहातील टॅनिन या गटातील पदार्थ लोहाला घट्ट धरून बसले, म्हणून हा काळा रंग आला. पूर्वी लिहिण्याची शाई अशाच क्रियेने बनवीत असत. आता त्यात अर्धे लिंबू पिळा. काळेपणा पुष्कळसा फिका पडेल. (हे द्रावण चाखू नका. प्रयोग झाल्यावर ओतून टाका.)

जेवणाबरोबर चहा घेतला तर पोटातही अशीच पकड बसते आणि लोहाचे शोषण पुष्कळ घटते. याउलट लिंबू, आवळा, पेरू, चिंच-कोकमासारखी आंबट फळे, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर यांतील आम्ले आणि क जीवनसत्त्व लोह मोकळे ठेवायला मदत करतात. त्यांत आवळा आणि पेरू यांचा नंबर वरचा. कडधान्ये भिजवून मोड आणले तर लोहाला अडवणारे फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्वही तयार होते. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळण्याची आपल्याकडची पद्धत शास्त्राच्या कसोटीलाही उतरते, ती अशी.

हाडांची पेढी

वहीचे तिसरे पान कॅल्शियमचे. मुलीच्या हाडांतील एकूण खनिजांपैकी सुमारे ९० टक्के भरणा अठराव्या वर्षापर्यंत पुरा होतो. पुढे आयुष्यभर याच ठेवीवर चालवायचे असते, आणि उतारवयात तर ती कमीच होत जाते. म्हणून या वयात रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा आणि छोटे काट्यासकट खाल्ले जाणारे मासे यांतून ते मिळते. १०० ग्रॅम नाचणीत तर साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.

पण नुसते कॅल्शियम खाऊन हाड बळकट होत नाही. हाडावर भार पडला, धक्का बसला, की तेथील पेशी जादा खनिज बसवतात. याचा सुंदर पुरावा टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांमध्ये मिळाला. फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी १९९५ साली त्यांच्या दोन्ही हातांची हाडे तपासली. रॅकेट धरण्याच्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा घट्ट होते. हा फरक सर्वांत मोठा दिसला तो पाळी येण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्या स्त्रियांत. पाळी सुरू झाल्यावर पंधराहून अधिक वर्षांनी खेळायला लागलेल्यांच्या तुलनेत तो दोन ते चार पट होता. म्हणजे हाडांच्या पेढीत भरणा करण्याचे दिवस ठरलेले आहेत, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुली खेळ सोडतात!

बाजरीच्या भाकरीचा प्रयोग

दुष्टचक्र मोडता येते का? याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने दोन्ही वेळच्या जेवणात बाजरीची भाकरी देण्यात आली. एका गटाची बाजरी नेहमीची होती. दुसऱ्या गटाची बाजरी लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या, निवड करून तयार केलेल्या वाणाची होती. कोणाच्या ताटात कोणती भाकरी आहे हे मुलांना सांगितलेले नव्हते. ज्यांच्या शरीरात लोह कमी होते त्यांच्यापैकी जादा लोहाची भाकरी खाणाऱ्यांची उणीव अधिक प्रमाणात भरून निघाली. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

पुढे याच प्रयोगातील आणखी नोंदी अभ्यासल्या गेल्या. जादा लोहाची भाकरी खाणारी मुले लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांत पुढे गेली. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती दिवसभरात हालचालही अधिक करू लागली. त्यांचा बसून राहण्याचा वेळ कमी झाला. त्यांना कोणी ‘खेळा’ म्हणून उपदेश केला नव्हता. बदलली होती ती फक्त भाकरी.

चक्र कोठून मोडावे?

दोन्ही टोकांनी. खर्चिक असे यात काही नाही.

सकाळी काही खाल्ल्याशिवाय घराबाहेर पडू नये. रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मूठभर भाजलेले चणे-फुटाणे, पोहे आणि त्यावर लिंबू, एखादे उकडलेले अंडे, यांपैकी काहीही चालेल. चहा सोडवत नसेल तर तो जेवणानंतर तासाभराने घ्यावा. आठवड्यातून चारपाच वेळा मोडाची उसळ आणि शेवग्याचा पाला, राजगिरा, माठ अशी एखादी पालेभाजी असावी. पॉलिशच्या १०० ग्रॅम तांदळात एक मिलिग्रॅमही लोह नसते. तेवढ्याच बाजरीत सुमारे सहा असते. म्हणून रोज एकदा तरी भाकरी खावी. जे मांसाहार करतात त्यांना मटण-मासळीतील लोह अधिक सहज शोषले जाते.

शाळेत आठवड्याला जी निळी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असते. ती उपाशीपोटी घेऊ नये, चहाबरोबरही घेऊ नये. गोळीने शौचाचा रंग काळसर होतो. त्याला घाबरू नये. जंताचे औषधही वेळेवर घ्यावे, कारण आकडीचे जंत आतड्यातून रक्त शोषतात.

खेळासाठी मोठे मैदान नसले तरी अडत नाही. दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो, फुगडी, जिना चढणे, सायकल यांतून तासभर सहज भरतो. तो एका दमात भरला पाहिजे असेही नाही. पाळीच्या दिवसांत खेळल्याने अपाय होत नाही. बरे वाटत असेल तर खुशाल खेळावे, पोटात दुखत असेल तर विश्रांती घ्यावी.

मात्र सर्व रक्तक्षय लोहाच्या कमतरतेनेच होतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, सिकलसेल, थॅलॅसेमिया ही कारणेही असू शकतात. म्हणून सतत थकवा असेल किंवा पाळीत फार रक्त जात असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे.

मुलग्यांनो, हा लेख तुमच्यासाठीही आहे. घरात बहीण शेवटी जेवत असेल, तर आज तिला आपल्या शेजारी ताट मांडा. मैदानाचा अर्धा भाग तिच्या वर्गाचाही आहे.

शिक्षकांसाठी

मुलींची वजने वर्गात मोठ्याने वाचू नयेत. कोण जाड, कोण बारीक अशी तुलना करू नये. त्याने भूक मारण्याची सवय वाढते. खेळाच्या तासाला कडेला बसणाऱ्या मुलीला शिक्षा करण्यापूर्वी ‘सकाळी काय खाल्लेस?’ एवढे तिला एकटीला विचारावे. शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह, पाणी आणि गरजेला पॅड मिळण्याची सोय असेल, तर मैदानावर येणाऱ्या मुलींची संख्या नक्की वाढेल.

स्वाध्याय

१) स्वस्थ बसून आपल्या नाडीचे एका मिनिटातील ठोके मोजा. एका पायरीवर तीन मिनिटे चढ-उतर करा. लगेच आणि नंतर दर मिनिटाला ठोके मोजा. ठोके पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागली? सहा आठवडे रोज दोरीच्या उड्या मारून हाच प्रयोग पुन्हा करा. तुलना स्वतःशीच करा. (दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी हा प्रयोग करू नये.)

२) सात दिवस आपण काय खाल्ले, चहा केव्हा घेतला आणि किती वेळ खेळलो याची नोंद ठेवा. जमाखर्चाचे कोणते पान तुटीत आहे?

३) एका मुलीला पाळीतून महिन्याला ६० मिलिलिटर रक्त जाते. इतर जावक वर दिल्याप्रमाणे धरून आणि आठ टक्के शोषण मानून, तिला रोज किती लोह खावे लागेल ते काढा.

४) ‘दमणारी मुलगी आळशी असते.’ या विधानाला तीन वाक्यांत शास्त्रीय उत्तर द्या आणि ते आपल्या घरच्या मंडळींना वाचून दाखवा.